मुरमाड बांधावर करवंद: बी का उगवलं नाही?

तुम्ही विचारलंय की पन्हाळ्याकडच्या मुरमाड रानात बांधावर करवंदीचं कुंपण करायचंय, पण गेल्या वर्षी वाळवून ठेवलेलं बी पावसात टोकलं तर एकही उगवलं नाही.

बी जुनं झालं होतं. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. मे महिन्यात पूर्ण काळी, बोटानं दाबली की फुटणारी फळं घ्या. पाण्यात चोळून गर काढा, बिया एक-दोन दिवस सावलीतच सुकवा आणि आठवड्याच्या आत पिशवीत लावा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. बी अर्ध्या इंचापेक्षा खोल नको. पिशवीला खाली भोकं हवीतच. पाणी साचलं की कोवळं रोप बुडाशी काळं पडून आडवं होतं.

बी कोणत्या जाळीचं, हे आधी चाखून ठरवा. डोंगरातल्या दोन शेजारच्या जाळ्यांची चवसुद्धा सारखी नसते, आणि बियांचं रोप हुबेहूब आईसारखं येईलच असं नाही. एकसारखं मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' जात घ्या, किंवा आवडत्या जाळीवर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिची साल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून तिला मुळं फोडा.

लागवड पुढच्या जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. कुंपणाला अडीच-तीन फुटांवर, फळांसाठी आठ-दहा फुटांवर. दीड फुटाचा खड्डा, त्यात दहा किलो शेणखत. मुरूम चालतो, जांभा चालतो, पण काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात. शेजारी ऊस असेल तर रोप बांधाच्या माथ्यावर लावा, सरीच्या कडेला नको. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी पाणी द्या, पुढं गरज नाही.

फळ तिसऱ्या वर्षापासून धरतं, आणि इथंच बरेचजण चुकतात. फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. डिसेंबर-जानेवारीत कुंपण सारखं दिसावं म्हणून शेंडे छाटले, की त्या साली करवंद विसरा. छाटणी फळं संपल्यावर, जूनमध्येच करा. पावसात नवी फूट येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तीच फुलते.

लोणच्याला हिरवी कडक फळं काढा. चीक हाताला चिकटतो, आधी तेल लावून घ्या. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून विकायचं असेल तर पहाटे तोडून त्याच दिवशी कोल्हापूरच्या बाजारात पोचवा.