पोकळ जोतं

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले शहरातलं घर पसंत पडलंय, पण त्याखाली रांगत जावं लागेल अशी अंधारी पोकळी, म्हणजे क्रॉलस्पेस, कशाला, असं विचारलंत. आमचंही पहिलं घर तसंच होतं, म्हणून सविस्तर सांगते.

कोकणातलं जोतं आठवा. आपण चिरे लावून आत दगडमाती भरतो, वर फरशी घालतो. इथे घराची जमीनच लाकडाची. लाकूड मातीला टेकलं की ओल आणि वाळवी आलीच. म्हणून जोतं बांधायचं, पण आतून पोकळ.

सपाट प्लॉटवर काँक्रीटचा स्लॅब स्वस्त पडतो, आणि घालतातही. पण रॅलेची लाल चिकणमातीची जमीन चढउताराची. स्लॅबसाठी उतार कापा, भरा. क्रॉलस्पेसला एकीकडची भिंत दोन फूट, दुसरीकडची पाच फूट केली की झालं. तळघराचं म्हणाल, तर उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात थंडीने जमीन गोठते म्हणून पाया 42 ते 60 इंच खाली न्यावाच लागतो, मग अजून थोडं खणून खोलीच काढतात. इथे फूटभर पुरतं. शिवाय नळ, ड्रेनेज, एसीची गार हवा नेणारे डक्ट सगळं खालून जातं. पाइप गळला तर प्लंबर सरपटत पोचतो, काँक्रीट फोडावं लागत नाही.

खरी गोम क्रॉलस्पेसच्या भिंतीत हवेसाठी ठेवलेल्या जाळ्यांत आहे. वारा खेळला की ओल जाते, ही जुनी समजूत. मुंबईच्या पावसाळ्यात खिडकी उघडून कपडे वाळतात का? इथल्या उन्हाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि गार पाण्याच्या तांब्यासारखा डक्टला घाम फुटतो. लाकडी जमिनीच्या खालून लावलेलं आमचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भिजून लोंबत होतं, आणि कपाटातल्या कुबट वासाचा दोष आम्ही दोन उन्हाळे मसाल्याच्या डब्यांना देत होतो! याच राज्यात प्रिन्सव्हिल गावी 12 घरांखाली मोजणी झाली. जाळ्या बंद करून, मातीवर प्लास्टिक अंथरून, थोडी कोरडी हवा सोडलेले क्रॉलस्पेस जास्त कोरडे राहिले, वीजही कमी लागली.

तेव्हा दारातून टॉर्च मारून फोटो काढणारा, घर तपासणारा इन्स्पेक्टर नको. आत शिरणारा हवा, तोही पाऊस पडून गेल्यावर लगेच. तुळयांना टोचून बघायला सांगा. पायाच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवीची वाट. आणि घर पूररेषेत असेल तर पुरासाठी ठेवलेली भोकं मात्र बुजवू नका. पाण्याला आतबाहेर जाता आलं नाही तर ते भिंतच ढकलून देतं.