शून्य काढले, तरी एक उरतेच

प्रश्न : आमच्या आडतीवर कांद्याचा भाव लिलावात ठरतो, वजनकाट्याची पावती आली नसेल तिथे वजन 0 लिहितो. आजची वजने 0, 0, 18, 22 क्विंटल. भाव 1400, 1450, 1500, 1600 रुपये. पायथनमध्ये फॉर लूप फिरवत वजनांतली शून्ये ‘रिमूव्ह’ने काढली, मग ‘झिप’ने भाव जोडून बेरीज केली. एक शून्य राहतेच, शिवाय 62,200 ऐवजी 59,100 येतात.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : लूप फक्त ‘आता कितवी जागा’ एवढेच लक्षात ठेवतो. जागा 0 वरचे शून्य काढताच मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. दुसरे शून्य जागा 0 वर येते, लूप मात्र जागा 1 वर जातो आणि तिथे त्याला 18 सापडतात. दुसरे शून्य तपासलेच जात नाही. शून्ये लागोपाठ नसतील त्या दिवशी ती सगळी निघतात, म्हणून ही चूक फार दिवस लपून राहते.

खरे नुकसान पुढे आहे. वजने सरकली, भाव जागेवरच राहिले. 18 क्विंटलला 1450 लागले, 22 ला 1500. ‘झिप’ आखूड यादी संपली की मुकाट्याने थांबतो, त्यामुळे 1600 चा भाव वापरलाच गेला नाही आणि एररही आली नाही. म्हणून आधी जोड्या लावा, मग गाळा. मूळ याद्यांना हात लावू नका :

एकूण = 0
फॉर क्र, (वजन, भाव) इन एन्युमरेट(झिप(वजने, सर्व_भाव, स्ट्रिक्ट=ट्रू), 1):
    इफ वजन == 0:
        प्रिंट(क्र, "पावती बाकी")
        कंटिन्यू
    एकूण += वजन * भाव

कीवर्ड आणि फंक्शनची नावे इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच हवीत. ‘वजन’, ‘भाव’ ही तुमची नावे पायथन 3 मध्ये देवनागरीत चालतात.

‘स्ट्रिक्ट’ 3.10 पासून मिळतो. याद्यांची लांबी जुळली नाही तर तो व्हॅल्यू-एरर देतो. पैशांच्या हिशोबात तो हवाच. आतल्या कंसाकडे नीट लक्ष द्या : ‘क्र, वजन, भाव’ असे सलग लिहिले तरी व्हॅल्यू-एररच येते, कारण एन्युमरेट दोनच वस्तू देतो, अनुक्रमांक आणि जोडी. अनुक्रमांकासाठी ‘रेंज’ आणि ‘लेन’ची कसरत करू नका. प्रिंट मात्र काढू नका. कोणत्या ट्रॉलीची पावती काट्यावरून आणायची, ते त्यातूनच कळेल.