स्पॅनिश क्रियापदात जोर कुठे? आधी शब्द फोडा

तुमचे प्रश्न दोन. 'आब्लो' म्हणजे मी बोलतो आणि 'आब्लो' म्हणजे तो बोलला, हे ओळखायचं कसं, आणि 'कोन्तिनूओ' वर टिल्दे म्हणजे ती तिरकी रेघ येते तर 'काम्ब्यो' वर का नाही.

शिकवताना मला हे प्रत्येक बॅचमध्ये दिसतं, मराठीत जोर हलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. पहिल्यात जोर 'आ' वर, दुसऱ्यात 'ब्लो' वर आणि त्यावर टिल्दे. देवनागरीत लिहून पाठ करत असाल तर आजच थांबवा प्लीज, त्यात हा फरक दिसतच नाही.

नियम एवढाच, शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या सिलेबलवर (सिलेबल म्हणजे एका दमात बोलला जाणारा शब्दाचा तुकडा), दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्यावर, आणि हे मोडलं की टिल्दे. एन आणि एसच का, तर क्रियापदाचे प्रत्यय बघा ना, 'आब्लास', 'आब्लान', प्रत्यय लागूनही जोर 'आ' वरच राहतो म्हणून चिन्हाची गरजच नाही. मला हा नियम फार आवडतो.

आता दुसरा. 'काम्-ब्यो', दोनच सिलेबल, आय आणि ओ एकत्र बोलले जातात, जोर 'काम्' वर, नियमात बसलं. 'कोन्-ति-नू-ओ' मध्ये यू वर जोर आला की तो शेजारच्या स्वरापासून फुटतो, चार सिलेबल होतात आणि हे फुटणं दाखवायलाच टिल्दे. 'को-मी-आ' (मी खायचो) तसंच. मूळ रूप यूएआर (-uar) ने संपणाऱ्या क्रियापदांत त्याआधी जी असेल तर फुटत नाही, म्हणून 'आवेरिग्वो'. आयएआर (-iar) वाल्यांचं मात्र एकेक पाठच करावं लागतं, 'एन्वीओ' फुटतं, 'एस्तूद्यो' नाही.

आणि जोर कळला की 'प्येन्सो' पण 'पेन्सामोस' का हेही सुटतं, मुळावर जोर असेल तेव्हाच ए चा ये होतो, जोर पुढे सरकला की परत साधा ए. आपल्याकडे प्रत्यय लागला की पीठ-पिठात होतं ना, कारण वेगळं आहे पण शब्द लांबला की आतला स्वर बदलतो ही सवय आपल्या तोंडाला आहेच. म्हणून रूपं पाठ करताना टेबलावर बोटाने ठोके द्या, जोराच्या सिलेबलला मोठा ठोका.