वडील 72 वर्षांचे, पांढरं रेशन कार्ड, दर महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्या. सरकारी योजनेत खर्च मिळेल का?

मेडिकलच्या बिलाचे पैसे परत मिळतील अशी आशा धरून बसू नका. इकडे जळगाव-धुळ्यात निम्म्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. आयुष्मान कार्ड काय किंवा महात्मा फुले योजना काय, दोन्ही भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं धरलेली असतात, पण महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

तरी आयुष्मान कार्ड काढूनच ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नाही. पांढरं कार्डही आड येत नाही. आधार लागतं, त्यावरचं वय सत्तर किंवा जास्त हवं. आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या आधारवर 1 जानेवारी ठोकलेली असते, वर्षही अंदाजे. ते आधी तपासा.

गोळ्यांसाठी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत, रेशन कार्डाचा रंग कुणी विचारत नाही. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपीन यांसारख्या गोळ्या तिथे मिळतात. मात्र जळगावचं ‘सिव्हिल’ आता मेडिकल कॉलेजकडे आहे आणि हा निर्णय आरोग्य विभागापुरता आहे, म्हणून तिथे केसपेपर काढतानाच विचारून घ्या.

साठा संपला असेल तर जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान. तिथे पात्रता वगैरे काही नाही, फक्त डॉक्टरांकडून औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्या, कंपनीचं नाही.