‘बहात्तरची पिढी’: हा प्रयोग बरोबर का?

प्रश्न असा: मराठवाड्यातले एक आजोबा १९७२चा दुष्काळ पाहिलेल्यांना ‘आमची बहात्तरची पिढी’ म्हणतात आणि तीत गावातले मराठा, बंजारा, बौद्ध, मुसलमान सगळेच धरतात. पिढी तर घराण्यात मोजायची. मग हे इंग्रजी ‘जनरेशन’चं वळण आहे का?

मला हा प्रयोग अस्सल मराठी वाटतो. पिढीचा एक अर्थ उभा आहे, हे खरं: पिढीजात धंदा, सात पिढ्यांची इस्टेट, हेळव्याने सांगितलेली वंशावळ. पण खेड्यात वय सांगायची रीत आडवी. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची; ‘प्लेगच्या साली रांगत होतो’, ‘दुष्काळात लग्न झालं’ असंच सांगायचे. वय घटनेवरून मोजलं की ती घटना ज्यांनी ज्यांनी पाहिली ते सगळे एकमेकांच्या बरोबरीचे होतात, मग जात कुठलीही असो.

१९७२चा दुष्काळ ही तशी फार खोल खूण. १९७३च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती: खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. रोजगार हमीचा १९७७चा कायदा ह्याच अनुभवातून आला. सत्तरी ओलांडलेल्या कुणापुढेही ‘मिलो’ (तेव्हा रेशनवर मिळालेली लाल ज्वारी) आणि ‘सुकडी’ (तेव्हा वाटलेलं पूरक खाणं) हे दोन शब्द उच्चारून पाहा. त्या मिलोच्या भाकरीबद्दल तांड्यावरची आजी आणि गढीवरची आजी एकाच तक्रारीच्या सुरात बोलतात.

भोग मात्र सगळ्यांचा सारखा नव्हता, आणि हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. घरंदाज म्हणवणाऱ्या बायका पहिल्यांदाच पदर ओढून खडीवर आल्या. त्यांच्या आठवणीत लाज आहे. शेजारी बसलेल्या भूमिहीन बाईला मजुरी नवी नव्हती. तिला आठवतो तो हप्त्याचा पगार आणि पाण्यावरून झालेला पाणउतारा. त्याच १९७२ साली इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली आणि मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

म्हणून प्रयोग बेलाशक करा, पण लिहिताना ‘बहात्तरच्या दुष्काळाची पिढी’ असं पुरं लिहा. बोलताना आजोबांचं संदर्भाने कळतं. कागदावर नुसतं ‘बहात्तरची पिढी’ वाचून चळवळीतला वाचक पँथरची पोरं समजेल, आणि त्याचंही बरोबरच असेल.