रिसेप्शनला ताट नसलं तरी चालेल, पण आधी पत्रिका बदला

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले. मुलाचं लग्न सकाळच्या मुहूर्तावर व्याह्यांकडे संभाजीनगरला आहे आणि तिथं पंगती उठणारच आहेत. दोन दिवसांनी परभणीत तुमच्याकडं संध्याकाळी स्वागत समारंभ, मे महिना, 400 माणूस. पुन्हा तेच पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी नको, थोडे चांगले पदार्थ गरम गरम द्यावेत असं तुम्हाला वाटतं. सासूबाई म्हणतात, जेवण नाही दिलं तर लोक नावं ठेवतील.

जेवणाशिवाय कार्य नीट होतं. आमच्या अंबाजोगाईच्या घरातली चार कार्यं मी स्वयंपाकघराच्या बाजूनं सांभाळली, त्यातली दोन अशीच होती. एक छान झालं. दुसऱ्यात आम्ही चुकलो, आणि ती चूक पदार्थांत नव्हती.

पुतण्याचं रिसेप्शन होतं. छापखान्यातल्या साच्याप्रमाणे पत्रिकेवर ‘सायं. 7 नंतर स्वागत समारंभ व स्नेहभोजन’ असं छापलं गेलं, कुणी वाचूनही पाहिलं नाही. ठेवलं होतं मात्र पाणीपुरी, कचोरी, नूडल्स, आईस्क्रीम. फोटो उरकून नवरानवरी स्टेजवर आली साडेआठला. नऊ वाजता माझे मामेसासरे, सत्तरीचे, हातात कचोरीचा द्रोण धरून मला विचारतात, "सूनबाई, पंगत कुठं बसायलीय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. शुगरची गोळी घेणारा माणूस, दीड तासाच्या रस्त्यावर तसाच निघून गेला. ते मला आजही लागतं.

त्या दिवसापासून मी पाहुणे डोक्यांवर मोजत नाही, रस्त्यावर मोजते. तुमची 400 ची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढं गाव लिहा. परभणीतलाच माणूस अर्धा तास येतो, आहेर देतो, दोन पदार्थ खातो आणि घरी जाऊन हवं तर भाकरी खातो. त्याला ताट नसल्याचं काहीच वाटत नाही, उलट लवकर सुटका होते. पण जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडून जो येणार, तो दुपारी चारला घर सोडणार आणि रात्री दहाला परत पोचणार. त्याच्या घरी त्या वेळी चूल विझलेली असते. त्याला जेवू घालायलाच पाहिजे. अशी माणसं मोजली की बहुतेक वेळा यादीच्या पाव हिश्शाच्या आसपास निघतात. तुमच्याकडं शंभर निघाली असं धरा. या शंभरांसाठी कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये साधी पंगत ठेवा: पोळी, एक रस्सा, येसर आमटी (भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाल्याचं पीठ लावून केलेली), भात. घरातल्या एका जबाबदार माणसानं त्यांना स्वतः बोलावून न्यायचं. माइकवरून पुकारायचं नाही, नाहीतर बाकीचे तीनशे मनातून दुखावतील.

आता पत्रिका. ‘स्नेहभोजन’ हा शब्द छापला की तुम्ही जेवणाचा शब्द दिला. त्या जागी ‘अल्पोपहार’ लिहा आणि ‘सायं. 6 ते 8’ अशी सुटायची वेळही छापा. ‘7 नंतर’ असं कधीच नको, आपल्याकडं त्याचा अर्थ जेवायला या असाच होतो. आमंत्रण द्यायला घरोघरी जाल तेव्हा तोंडानंही सांगा. आणि व्याह्यांना सगळ्यांत आधी विचारा. त्यांच्याकडची माणसं परगावाहून येणार, म्हणजे ती पंगतीच्या यादीत आपोआप आलीच, पण पत्रिका हातात पडल्यावर कळणं आणि आधी विचारलेलं असणं यात फार फरक आहे.

हेच कार्य डिसेंबरात असतं तर मी 4 ते साडेसहा सांगितलं असतं आणि पंगतीचा प्रश्न निम्मा झाला असता. मे महिन्यात परभणीचा पारा 42 च्या वर जातो, गावातलं कुणी साडेपाचच्या आत घराबाहेर पडत नाही. म्हणून 6 ते 8, आणि म्हणूनच शेवटी पोटाला आधार देणारा एक पदार्थ हवाच. माझं मत मुगाची खिचडी आणि कढी. सव्वासातला काढायची, आधी नाही. वाटीभर खाल्ली की म्हातारी माणसंही जेवल्यासारखं मानतात. आधी इतर पदार्थ झालेले असतात, त्यामुळं 100 माणसांना 5 किलो तांदूळ आणि 2 किलो मूगडाळ पुरते.

त्याच्या आधी काय? कॅटरर तुम्हाला पंधरा काउंटरची यादी दाखवेल. पाचच्या वर जाऊ नका. आपल्याकडचेच पदार्थ ठेवा, ते आचाऱ्यांच्या हातचे असतात आणि उन्हात टिकतात. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ, ठेवा. 100 माणसांना साडेतीन किलो मुरमुरे लागतात, पण भिजवून फोडणी थोडी थोडी द्यायला सांगा, एकदम केली तर गोळा होतो. तव्यावरचे तळहाताएवढे धपाटे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. या एका पदार्थावर लोक खूश होतात, आणि इथंच रांगही लागते. एका तव्यावर चार मिनिटांत सहा उतरले तर तासाला नव्वद होतात. तीनशे माणसं दोन तासांत, म्हणजे किमान तीन तवे लावा, एकावर भागवू नका. कोथिंबीर वडी आधी वाफवून ठेवता येते, फक्त तळायची राहते. मिरची-भजी गरम गरम. गोडाला कुंथलगिरीचा चांगला भाजलेला पेढा, स्टेजवरून उतरताना हातात द्यायचा, त्याला ना वाटी लागते ना चमचा. मे महिना आहे, केशर आंबा बाजारात असतो, तर आईस्क्रीमच्या जागी छोट्या वाटीत आमरस द्या. तो बर्फात ठेवलेल्या पातेल्यातूनच वाढायचा. तारीख ठरली की कॅलेंडरात एकादशी पाहा, असली तर साबुदाण्याची खिचडी वाढवा. जैन पाहुणे असतील तर एक पदार्थ कांदा-लसूण-बटाट्याविना.

पाणीपुरी, मेयोनीजचे सँडविच, ओल्या नारळाची चटणी मे महिन्यात मी ठेवू देत नाही. एवढ्या उन्हाळ्यात शिजलेलं अन्न तासाभराच्या वर उघडं, कोमट राहिलं की बिघडायला लागतं. गरम ते खरोखर चटका बसेल इतकं गरम पाहिजे, गार ते बर्फात. बर्फही डोळ्यांनी पाहून घ्या: निळसर रंगाचा बर्फ खायचा नसतो, तो फक्त बाहेरून भांडं गार करायला. मठ्ठा, पन्हं यात टाकायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा.

पाणी तर पदार्थांच्या आधी ठरवा. 400 माणसांना 20 लिटरचे 20 जार पुरतात असं कुणी सांगेल, मे महिन्यात 30 मागवा. हात धुवायच्या पाण्यासाठी कार्यालयात टँकर येणार का, किती वाजता, हे आदल्या दिवशी पुन्हा विचारा. ऐन उन्हाळ्यात बोअर आटलेल्या कार्यालयात आम्ही बादल्यांनी पाणी आणलंय.

ताट नाही म्हणून खुर्च्या कमी करू नका. द्रोण हातात धरून उभं राहणं तरुणांना जमतं, गुडघे दुखणाऱ्या बायकांना नाही. निम्म्या माणसांना तरी बसता यावं, आणि दोन वाढपी फक्त बसलेल्यांकडं ताटली घेऊन फिरणारे ठेवा. फोटोवाले, बँडवाले, गाड्यांचे चालक, कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या बाया यांची पानं पंगतीत धरा. ती माणसं दिवसभर उभी असतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. ताट नाही म्हणून खर्च फार उतरेल या भरवशावर राहू नका. दर काउंटरला माणूस, गॅस, तेल वेगळं लागतं. बचत होते ती पदार्थ पाचावर थांबवल्यानं, आणि किराणा स्वतः भरून आचाऱ्याला मजुरीवर ठरवल्यानं. घरात धावपळ करणारं माणूस नसेल तर मात्र कॅटररला प्लेटच्या दरावरच काम द्या, कार्याच्या दिवशी तेल संपलं म्हणून तुम्ही दुकानात पळायचं नाही.

सासूबाईंना मागच्या हॉलमधल्या पंगतीचं सांगा, त्यांची काळजी बहुतेक तिथंच मिटेल. जमलं तर ती पंगत त्यांच्याच देखरेखीखाली द्या. गावावार यादी झाली की बाहेरगावचा आकडा मला कळवा, पंगतीचा किराणा मी काढून देते.