तीनचाकी बाबागाडी घेताय? आधी एवढं बघा
रंग नि कपहोल्डर नंतर. आधी लिफ्टच्या दाराची, डिकीची रुंदी मोजून न्या आणि दुकानातच गाडी स्वतः घडी करून बघा.

- बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारीच घ्या.
- पट्टे खांद्यांवर, कमरेला आणि पायांमधून, असे पाचही हवेत.
- पुढचं चाक लॉक होतं ना? खडबडीत रस्त्यावर लॉक, बाजारात मोकळं.

हवेची चाकं खड्ड्यांत मऊ चालतात, पण पंक्चर होतात; पंप जवळ ठेवा.

नवखे हमखास चुकतात ते हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवून: बाळाला उचललं की गाडी मागे उलटते. फुटपाथवरही तिरकी चढवू नका, पुढे एकच चाक असल्याने कलंडते. सरळ समोरून, हँडल खाली दाबून चाक उचला. गाडीसोबत धावायचं एवढ्यात नकोच.